शेजारच्या तळ्याशी करार



कृष्णा महाबळेश्वरात उगम पावते आणि वाई, कऱ्हाड, सांगली, नरसोबाची वाडी करत कर्नाटकात उतरते, हे आपण शाळेत शिकतो. तिचे थोडे पाणी चेन्नईच्या नळांना जाते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. 1976 साली महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या तीन राज्यांनी आपापल्या वाट्यातले प्रत्येकी 5 टीएमसी पाणी मद्रास शहराला पिण्यासाठी द्यायचे कबूल केले. वाटेतल्या बाष्पीभवनाचे आणि गळतीचे 3 टीएमसी वजा जाता 12 टीएमसी शहराच्या हाती पडावे, असा हिशेब होता. 1983 मध्ये पुढचा करार झाला, श्रीशैलम, सोमशिला, कंडलेरू अशी जलाशयांची मालिका जोडली गेली, आणि 1996 मध्ये कंडलेरू-पूंडी कालव्याने कृष्णेचे पाणी पहिल्यांदा तमिळनाडूच्या हद्दीत आले. तेथून ते पूंडीच्या जलाशयात पडते आणि जोडकालव्याने चेन्नईच्या पश्चिमेकडील चेंबरंबाक्कम तलावापर्यंत पोहोचते. त्याच चेंबरंबाक्कमला आणखी एका वाटेने पाणी येते. वरच्या अंगाला असलेल्या श्रीपेरुंबुदूर आणि पिळ्ळैपाक्कम येथील तलावांच्या सांडव्यांवरून ते उतरते. एक पाणी शेकडो किलोमीटरवरून येते, दुसरे हाकेच्या अंतरावरून. दूरच्या पाण्यासाठी चार राज्यांनी वर्षानुवर्षे बैठका घेतल्या, हिस्से ठरवले, गळतीसुद्धा कागदावर मांडली. जवळच्या पाण्यासाठी शहराने वरच्या गावांशी एका ओळीचाही करार केलेला नाही. आजच्या व्याख्यानात मला या एकाच विसंगतीचा विचार करायचा आहे, कारण तिच्यात केवळ चेन्नईचा नव्हे, पुण्याचा, नाशिकचा आणि नागपूरचाही प्रश्न दडलेला आहे.

श्रीपेरुंबुदूर आपल्याला दोन कारणांनी माहीत असते. ते रामानुजाचार्यांचे जन्मगाव आहे आणि 1991 मध्ये राजीव गांधींची हत्या तेथे झाली. पाण्याच्या दृष्टीने पाहिले तर या गावाची ओळख वेगळी आहे. जुना चेंगलपट्टू जिल्हा, म्हणजे आजच्या कांचीपुरमचा आणि आसपासचा प्रदेश, तलावांचा प्रदेश म्हणून ओळखला जातो. तलावाला तमिळमध्ये ‘एरी’ म्हणतात. एरी म्हणजे खोल खोदलेले तळे नव्हे. सपाट, किंचित उताराच्या जमिनीवर अर्धवर्तुळाकार मातीची पाळ घालून अडवलेले उथळ पाणी म्हणजे एरी. पाळीत मोऱ्या असतात, त्यांतून खालच्या शेतांना पाणी सुटते. एका बाजूला दगडी सांडवा असतो, त्यावरून जादा पाणी ओसंडते आणि ओढ्याने खालच्या एरीत जाते. ती भरली की तिच्या खालची. अशा एकीखाली एक गुंफलेल्या साखळ्या हे या भूमीचे खरे जलव्यवस्थापन होते. येथे वर्षाला सुमारे 1400 मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत, बऱ्याचदा चक्रीवादळांच्या रूपाने, थोड्याच दिवसांत कोसळतो. सपाट जमीन, थोडक्या दिवसांचा धुवाधार पाऊस आणि पुढे नऊ महिन्यांची वाट, या तिन्हींना एरीची साखळी एकाच वेळी उत्तर देत असे. पालार नदीचे पाणी आणणारा प्राचीन कंबन कालवा वाटेतल्या अनेक एरी भरत अखेर श्रीपेरुंबुदूरच्या एरीला येऊन मिळतो. म्हणजे श्रीपेरुंबुदूर हा साखळीचा मधला दुवा आहे. त्याच्या वर पालार, त्याच्या खाली चेंबरंबाक्कम, आणि चेंबरंबाक्कमच्या सांडव्याखाली अड्यार नदी, जी चेन्नई शहर कापत समुद्राला मिळते.

साखळी म्हटली की वरचा आणि खालचा यांचे भांडण आलेच. वरच्याने सांडवा वीतभर उंच केला तर खालची एरी कोरडी राहते, वरच्याने पाळ दुर्लक्षित ठेवली तर ती फुटून खालचे गाव बुडते. म्हणून ही व्यवस्था केवळ मातीकामावर टिकणे शक्य नव्हते, तिला माणसांमधला बंदोबस्त लागत होता. याच जिल्ह्यातील उत्तिरमेरूर येथील मंदिराच्या भिंतींवर दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातले, पहिल्या परांतक चोळाच्या काळातले शिलालेख आहेत. गावसभेच्या समित्या चिठ्ठ्या टाकून कशा निवडाव्यात हे त्यांत कोरले आहे, आणि त्या समित्यांत सहा जणांची एक समिती फक्त एरीसाठी आहे. पुढच्या काळात पाणी सोडण्या-बांधण्याचे काम ‘नीरकट्टी’ या गावसेवकाकडे असे. आपल्या धुळे जिल्ह्यात पांझरेकाठच्या फड पद्धतीत पाटकरी जे काम करी, तेच हे. पाळीची वार्षिक डागडुजी गावाने एकत्र येऊन करायची, तिला ‘कुडिमरामत्तु’ म्हणत. त्यातला ‘मरामत’ हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. त्यासाठी गावच्या उत्पन्नातला ठरलेला हिस्सा बाजूला पडत असे. इंग्रजी अमलात हा हिस्सा सरकारी महसुलात ओढला गेला, तलाव सरकारजमा झाले आणि मरामत गावाच्या गळ्यात राहिली. विदर्भात हेच शंभर-दीडशे वर्षे उशिरा घडले. भंडारा-गोंदियाच्या कोहळी समाजाने बांधलेले हजारो मालगुजारी तलाव 1951 मध्ये जमीनदारी संपल्यावर सरकारकडे आले. जमीनदारी संपायलाच हवी होती. पण तलावाचा गाळ कोणी काढायचा, हे कोणाच्याच कर्तव्यात उरले नाही. कागदावर ज्याची मालकी त्याच्याकडे मनुष्यबळ नाही, आणि ज्याच्याकडे मनुष्यबळ त्याला अधिकार नाही, अशी स्थिती दोन्हीकडे आली.

आता गेल्या तीस वर्षांकडे येऊ. 1990 च्या दशकात श्रीपेरुंबुदूरच्या परिसरात सिपकॉट या राज्य सरकारच्या औद्योगिक महामंडळाने इरुंगाट्टुकोट्टई, श्रीपेरुंबुदूर आणि नंतर ओरगडम, पिळ्ळैपाक्कम, वल्लम वडगाल अशा वसाहती उभ्या केल्या. ह्युंदाईचे उत्पादन 1998 मध्ये सुरू झाले, 2006 मध्ये नोकियाचा कारखाना आला आणि 2014 मध्ये बंदही झाला, त्यानंतर इलेक्ट्रॉनिक्सचे इतर मोठे कारखाने आले. हा प्रदेश भारताच्या निर्यातीचा एक कणा आहे आणि मी त्याला कमी लेखत नाही. पण कारखान्यामागून गोदामे आली, गोदामांमागून वसाहती, रस्ते, वाहनतळ, खडीच्या खाणी. एरीच्या पाणलोटात पावसाचे पाणी मुरवणारी जी गवताळ पड जमीन होती, तिला महसुली भाषेत ‘पोरंबोक’ म्हणतात. आपल्या गायरानासारखी. ती कोणाच्याच नावावर नसल्यामुळे सरकारी प्रकल्पांना ती सर्वांत सोपी वाटते. पाळ शाबूत राहते, पाटी शाबूत राहते, एरी नकाशावर निळीही दिसते, पण तिच्याकडे येणारा ओढा डांबराखाली गेलेला असतो आणि तिच्यातून निघणारा ओढा कुंपणाच्या भिंतीशी अडतो.

याचा परिणाम चार वर्षांच्या आत दोन टोकांनी दिसला. 1 डिसेंबर 2015 रोजी चोवीस तासांत चेंबरंबाक्कमला 47 आणि तांबरमला 49 सेंटिमीटर पाऊस झाला. चेंबरंबाक्कममधून सेकंदाला 29 हजार घनफूट पाणी सोडावे लागले, अड्यारने शहर बुडवले आणि तमिळनाडूत शेकडो माणसे गेली. त्यानंतर सारा वाद एकाच प्रश्नाभोवती फिरला: दरवाजे आधी का उघडले नाहीत? नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांनी 2018 मध्ये मांडलेल्या अहवालात या व्यवस्थापनावर कठोर ठपका ठेवला, आणि तो गंभीरपणे घ्यायलाच हवा. पण जलशास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासात एक गोष्ट पुढे आली, जिची चर्चा फारशी झाली नाही. त्या दिवशी अड्यारमध्ये आलेल्या पुराचा मोठा भाग चेंबरंबाक्कमच्या दरवाजांतून आलेलाच नव्हता. तो खालच्या आणि बाजूच्या, दरवाजे नसलेल्या शेकडो लहान एरींच्या पाणलोटांतून आला होता. त्यांच्यावर एकही अभियंता नव्हता, एकही पूरमापक नव्हता. मोठ्या तलावाची किल्ली कोणाच्या हाती, यावर आपण भांडत राहिलो आणि लहान तलावांना तर किल्लीच नाही, हे विसरलो. पुढे 2019 च्या उन्हाळ्यात पूंडी, चोळवरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम, म्हणजे मिळून 11 टीएमसी क्षमतेचे शहराचे चारही मुख्य जलाशय जवळजवळ कोरडे पडले. सिक्करायपुरमच्या बंद दगडखाणींतले पाणी शुद्ध करून नळांना द्यावे लागले आणि जुलैमध्ये जोलारपेट्टईहून रेल्वेने पाणी आणावे लागले. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला गेलेली जलदूत गाडी ज्यांनी पाहिली त्यांना हे चित्र नवे नाही. ज्या जमिनीने 2015 चे पाणी धरून ठेवले नाही, तिच्याकडे 2019 मध्ये द्यायला काही नव्हते. पूर आणि टंचाई ही दोन वेगळी खाती आहेत असे आपले प्रशासन मानते, जमीन तसे मानत नाही.

मग अडते कुठे? माझे म्हणणे असे की ज्ञानाची किंवा पैशाची कमतरता हे मुख्य कारण नाही. साखळीच्या मापाची संस्था नाही, हे कारण आहे. तमिळनाडूत 40 हेक्टरांपेक्षा अधिक लाभक्षेत्राची एरी जलसंपदा खात्याकडे आणि त्याहून लहान पंचायत युनियनकडे असते. आपल्याकडे जिल्हा परिषदेचे तलाव आणि पाटबंधारे खात्याचे तलाव अशी जी विभागणी आहे, तीच ही. एकाच साखळीत वरची एरी एका खात्याची, मधली दुसऱ्याची, मधला ओढा महसूल खात्याचा, काठचे वाहनतळ औद्योगिक महामंडळाचे आणि शेवटचे पिण्याचे पाणी चेन्नई मेट्रोवॉटर या पाणीपुरवठा मंडळाचे. 2022 मध्ये चेन्नई महानगर विकास क्षेत्राची हद्द 1189 चौरस किलोमीटरवरून 5904 चौरस किलोमीटर करण्यात आली. म्हणजे बांधकामाचा विचार अनेक जिल्ह्यांवर एकत्र करण्याची गरज राज्याने मान्य केली. पाण्यासाठी तेवढ्याच व्याप्तीची, गावांना मत असलेली संस्था मात्र निर्माण झाली नाही. ‘प्रादेशिक भागीदारी’ हे शब्द सरकारी अहवालांत वारंवार येतात, पण भागीदारी म्हणजे कार्यशाळा नव्हे. वरचा काय सोडून देईल, खालचा त्याबद्दल काय देईल, आणि दोघांपैकी कोणी शब्द मोडला तर निवाडा कोण करील, हे लिहिलेले असेल तरच ती भागीदारी.

असे होऊ शकते याचा पुरावा श्रीपेरुंबुदूरमध्येच आहे. चेन्नईच्या कोयंबेडू येथे शहराच्या सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करून रोज साडेचार कोटी लिटर पाणी तयार करण्याचा प्रकल्प 2019 मध्ये सुरू झाला. ते पाणी लांब वाहिनीने इरुंगाट्टुकोट्टई, श्रीपेरुंबुदूर आणि ओरगडमच्या कारखान्यांना पुरवण्यासाठी आहे. शहराचे मैलापाणी वरच्या अंगाला चढवायचे आणि तितके गोडे पाणी वाचवायचे, ही कल्पना वीस वर्षांपूर्वी कोणी मांडली असती तर लोकांनी मान डोलावून ती सोडून दिली असती. ती शक्य झाली कारण दोन्ही बाजूंना काय मिळणार हे स्पष्ट होते, दर ठरला होता आणि जबाबदारी नेमलेली होती. उद्योग आणि शहर यांच्यात असा करार होऊ शकतो. या करारात तिसऱ्या पक्षाचे, म्हणजे ज्यांच्या एरींच्या काठी हे सारे उभे आहे त्या गावांचे, नाव कुठेच नाही.

बाहेरच्या जगातले सर्वांत परिचित उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. त्या शहराचे सुमारे नव्वद टक्के पाणी कॅट्स्किल आणि डेलावेअर या डोंगराळ पाणलोटांतून, दीडशे-दोनशे किलोमीटरवरून, गाळणी प्रकल्पाशिवाय येते. 1990 च्या दशकात गाळणी प्रकल्प बांधण्याची वेळ आली आणि त्याचा अंदाज 6 ते 8 अब्ज डॉलरपर्यंत गेला. त्याऐवजी शहराने 1997 मध्ये वरच्या गावांशी करार केला: शेतांतून ओढ्यांत जाणारे शेण-खत अडवण्यासाठी आणि गावांच्या मलनिस्सारणासाठी पैसा द्यायचा, महत्त्वाची जमीन विकत घ्यायची. त्यातली दोन कलमे मला सर्वांत मोलाची वाटतात. जमीन फक्त स्वखुशीने विकणाऱ्याकडूनच घ्यायची, आणि घेतलेल्या जमिनीवरचा स्थानिक कर शहराने भरत राहायचा. ही कलमे सहज आली नाहीत. त्याआधीच्या काळात धरणांसाठी याच शहराने डोंगरातली गावे सक्तीने उठवली होती आणि तो राग पिढ्यान्‌पिढ्या टिकून होता. पश्चिम घाटातल्या मुळशीपासून कोयनेपर्यंतच्या विस्थापितांचे वारस हे चांगले समजू शकतील. आपल्याकडे मुंबईचे 1860 मधील विहार आणि 1879 मधील तुळशी हे तलाव आजही शहराच्या पोटात राहून पाणी देतात, कारण त्यांचे पाणलोट आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहे. जमीन राखली की पाणी राहते, याला यापेक्षा जवळचा पुरावा नको. तरी न्यूयॉर्कची नक्कल श्रीपेरुंबुदूरला चालणार नाही. तेथे वस्ती विरळ होती. येथे एकरी किमती अशा आहेत की कोणतेही पाणीपुरवठा मंडळ जमीन विकत घेऊ शकणार नाही. येथे मालकी न बदलता जमीन मोकळी ठेवण्याचा मोबदला द्यावा लागेल: ओढ्याच्या काठचा पट्टा न बांधण्याचा, एरीच्या बुडीतक्षेत्रात भर न टाकण्याचा, सांडव्याची पातळी न बदलण्याचा. हा मोबदला दरवर्षीचा असावा आणि तो पाणी वापरणाऱ्याच्या बिलातून यावा.

यावर पहिला आक्षेप असा की एरीखालची शेतीच संपत आली आहे, मग एरी कशाला जपायची? गावातली तरुण मुले कारखान्यात जातात, भाताचे क्षेत्र घटले आहे, हे खरे आहे. पण एरीचे काम सिंचनापुरते कधीच नव्हते. ती भूजल भरते, पूर अडवते, गाळ धरून ठेवते. चेंबरंबाक्कम स्वतः मुळात शेतीची एरी होती, आज ती शहराला पाणी पाजते. जी एरी आज निरुपयोगी वाटते, तिचा उपयोग बदलतो आहे. आणि रोजगाराचा मुद्दा काढणाऱ्यांनी डिसेंबर 2015 विसरू नये. त्या पुरात चेन्नईजवळच्या मोठ्या मोटार कारखान्यांनाही उत्पादन थांबवावे लागले होते.

दुसरा आक्षेप अभियंत्यांचा आहे. समुद्राचे पाणी गोडे करता येते, मग वरच्या गावांच्या नादी का लागायचे? मिंजूरचा प्रकल्प 2010 मध्ये आणि नेम्मेलीचा 2013 मध्ये, प्रत्येकी रोज दहा कोटी लिटरचा, सुरू झाला आणि आणखी मोठे येत आहेत. या प्रकल्पांनी अवर्षणात शहराला आधार दिला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांच्या प्रत्येक लिटरला वीज लागते, खारट द्राव परत समुद्रात सोडावा लागतो आणि मासेमारीवर पोट असलेल्या किनाऱ्यावरच्या वस्त्यांना त्याची किंमत मोजावी लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे समुद्राकाठचा कारखाना ओरगडमला पडलेला पाऊस अडवू शकत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो मला पूर्णपणे परतवता येत नाही. जुन्या गावव्यवस्थेचे गोडवे गाताना तिच्यातली उतरंड झाकली जाते. उत्तिरमेरूरच्या समितीत बसायला जमीन लागे आणि वेदाध्ययन लागे. स्त्रियांना, भूमिहीनांना, शूद्रातिशूद्रांना तेथे जागा नव्हती. अनेक गावांत रात्री-अपरात्री मोरीवर उभा राहणारा नीरकट्टी दलित असे, आणि पाण्यावरचा निर्णय त्याचा नसे. तमिळनाडू सरकारने 2017 मध्ये कुडिमरामत्तुला पुन्हा चालना दिली, पण जुने नाव परत आणल्याने जुने दोष आपोआप जात नाहीत. या प्रश्नाचे उत्तर मला तमिळ शिलालेखात सापडत नाही, ते पुरंदर तालुक्यात सापडते. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावला जी पाणी पंचायत उभी केली, तिने पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या प्रमाणात दिला आणि भूमिहीनालाही हक्कदार मानले. मोबदल्याच्या कराराला हेच तत्त्व लावले पाहिजे. एरीकाठचे शेत ज्याच्या नावावर आहे त्यालाच सारा पैसा गेला, तर गुरे चारणारा, मासे धरणारा आणि काठावर झोपडी बांधून राहणारा हे तिघेही बाहेर फेकले जातील. तमिळनाडूचा 2007 चा तलाव संरक्षण आणि अतिक्रमण निर्मूलन कायदा आवश्यक होता, पण अतिक्रमण हटवण्याची झळ सर्वांत आधी बसते ती गरिबाच्या झोपडीला. सरकारने स्वतः एरीत उभारलेल्या इमारतींना ती क्वचितच बसते. भागीदारीत झोपडीवाल्याचे पुनर्वसन हे पहिले कलम नसेल, तर खालच्या शहराच्या पाण्यासाठी वरच्या गरिबाला बेघर करण्याचे ते एक सभ्य नाव ठरेल.

हा सारा विचार आज तातडीचा झाला आहे तो परंदूरमुळे. श्रीपेरुंबुदूरच्या पश्चिमेला परंदूर येथे चेन्नईचा दुसरा विमानतळ करण्याचे ऑगस्ट 2022 मध्ये जाहीर झाले. पाच हजारांहून अधिक एकर जमीन, त्यातला मोठा भाग एरी आणि ओल्या जमिनीचा, आणि त्या क्षेत्रातून जाणारा कंबन कालवा. त्या क्षेत्रात येणाऱ्या एकनापुरमचे गावकरी तेव्हापासून आंदोलन करत आहेत आणि तेथील ग्रामसभेने वारंवार विरोधाचे ठराव केले आहेत. त्यातच 2023 मध्ये राज्याने विशेष प्रकल्पांसाठी जमीन एकत्रीकरणाचा कायदा केला, ज्यामुळे किमान 100 हेक्टरच्या प्रकल्पात येणाऱ्या जलस्रोतांची जमीन प्रकल्पाला देता येते. विमानतळाची गरज आहे की नाही, हा स्वतंत्र वाद आहे, आणि वाढत्या शहराला तो लागेल असे म्हणणाऱ्यांना मी चुकीचे ठरवत नाही. मला दिसते ते एवढेच की हा निर्णय घेताना कंबन कालव्याच्या वरच्या आणि खालच्या गावांना, चेंबरंबाक्कमचे पाणी पिणाऱ्या शहराला आणि सिपकॉटच्या कारखान्यांना एका टेबलाभोवती बसवणारी कोणतीही संस्था अस्तित्वात नाही. ग्रामसभा ठराव करते, मंत्रालय आराखडा करते, मेट्रोवॉटर पुढच्या उन्हाळ्याचा हिशेब करते, आणि हे तिन्ही कागद एकमेकांना भेटत नाहीत.

1976 च्या कराराकडे पुन्हा पाहिले की जाणवते, तो सहज झाला नव्हता. दुष्काळी रायलसीमेच्या वाटेने शहराचे पाणी जाणार होते, तीन राज्ये पाण्याच्या थेंबाथेंबावरून लवादापुढे भांडत होती, आणि तरीही प्रत्येकाने 5 टीएमसी सोडले. कबूल केलेले 12 टीएमसी बहुतेक वर्षी पूर्ण पोहोचलेले नाही, तरी करार आहे म्हणून ते मागता येते, मोजता येते, त्यावर भांडता येते. श्रीपेरुंबुदूरच्या सांडव्यावरून येणाऱ्या पाण्यावर आज भांडायलाही आधार नाही. तो आधार एका साध्या कागदापासून सुरू होऊ शकतो: एका बाजूला मेट्रोवॉटर आणि सिपकॉट, दुसऱ्या बाजूला साखळीतली गावे, आणि मध्ये सांडव्यांची उंची, मोकळ्या पट्ट्यांची लांबी, दरवर्षीचा मोबदला आणि गाळ काढण्याचे महिने. त्या कागदावर पक्षकारांची नावे लिहिताना वरपासून खाली लिहावीत: पालारकाठी कंबन कालव्याच्या तोंडाशी असलेली गावे, मग एकनापुरम, मग श्रीपेरुंबुदूर, पिळ्ळैपाक्कम, चेंबरंबाक्कम, आणि सर्वांत शेवटी चेन्नई.